वेदीवरची उसनी नक्षी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. एका आप्ताच्या अंत्यविधीसाठी शेजारच्या धर्मग्रामात गेलो होतो. विधी आटोपला, मंडळी पांगली आणि मी सहज चर्चच्या मागील बाजूस गेलो. तेथे कुंपणाच्या भिंतीलगत, फुटक्या कौलांच्या ढिगाशेजारी काही लाकडे रचून ठेवलेली दिसली. वरच्या फळीवरची माती हाताने पुसली, तेव्हा बोटांना द्राक्षांचा घोस लागला. एका बाजूच्या वेदीची ती जुनी सागवानी चौकट होती. द्राक्षवेल, पानांआड बसलेला एक पक्षी आणि कोपऱ्यात पंख तुटलेल्या बालदूताचा चेहरा. एका फळीवर कुऱ्हाडीचे ताजे घाव होते. कुणीतरी तिचा जळणासाठी उपयोग करावयास प्रारंभ केला होता.

आत जाऊन पाहिले. त्याच जागी नवी चौकट सोनेरी रंगाने झगमगत होती. द्राक्षवेल तिच्यावरही होती. मात्र डावीकडचा घोस आणि उजवीकडचा घोस मण्यागणिक एकच होता आणि वरचा घोसही त्यांचाच तिसरा जुळा भाऊ होता. शेजारी उभे असलेले पॅरिश कौन्सिलचे एक सद्गृहस्थ समाधानाने म्हणाले, "जशी होती तशीच करून घेतली. निम्म्या खर्चात आणि आठ दिवसांत!"

"जशी होती तशीच." या उद्गाराशी माझे भांडण आहे. त्या सद्गृहस्थांशी नाही. त्यांची श्रद्धा आणि तळमळ याविषयी मला शंका नाही. परंतु हा उद्गार आज आपल्या अनेक धर्मग्रामांत इतक्या सहजतेने उच्चारला जातो आणि इतक्या निमूटपणे स्वीकारला जातो की, त्याची एकदा सविस्तर झडती घेणे आवश्यक झाले आहे.

ती जशी होती तशी झालेली नाही, हे आधी डोळ्यांनीच पाहू.

हाताने कोरणाऱ्या सुताराचे काम फळी निवडण्यापासून सुरू होते. लाकडाची रेषा कोणत्या दिशेने धावते हे पाहून तो वेलीचा देठ आखतो, कारण बारीक देठ आडव्या रेषेवर आला तर तो हातच्या हाती मोडतो. मग तो नक्षीभोवतीची जमीन खाली उतरवतो. त्याच्या पिशवीत एकच पटाशी नसते. सरळ, तिरकी, उथळ गोलाईची, खोल गोलाईची, वाकड्या मानेची, अशा कितीतरी असतात. कारण पानाची वळणे हत्याराच्या वळणानेच घ्यावयाची असतात. रेषा उलटी आली की तो बाजू बदलतो, दुसऱ्या हाताने पटाशी धरतो, नाहीतर कपचा उडतो. शेवटी तो पानाच्या कडेमागे शिरतो आणि आतून लाकूड पोखरून काढतो. त्यामुळे जाड फळीतील पान कागदासारखे पातळ भासते आणि त्याच्यामागे खरीखुरी काळोखी सावली पडते. दोन पुरुष उंचीवर लागणारे काम तो मुद्दाम खोल कोरतो, कारण खालून पाहणाऱ्या भाविकाला बारीक रेघा दिसणार नाहीत, सावल्याच दिसतील, हे त्याला ठाऊक असते. पटाशीने सोडलेले लहान लहान पैलू तो घासून टाकत नाही. मेणबत्तीची ज्योत हलली की त्या पैलूंवर उजेड हलतो.

आता यंत्राकडे पाहा. संगणकाने चालवलेल्या यंत्रात एक फिरते पाते वरून खाली उतरते आणि आराखड्यानुसार लाकूड खरवडते. पाते फिरते, म्हणून आतला प्रत्येक कोपरा त्या पात्याच्याच गोलाईचा होतो. धारदार कोपरा त्याला काढताच येत नाही. ते वरून उतरते, म्हणून पानामागे शिरू शकत नाही. पान जमिनीला डकवल्यासारखे बसून राहते. पात्याच्या फेऱ्यांच्या बारीक सऱ्या उरतात, त्या घालवण्यासाठी सर्वत्र सँडपेपर फिरतो आणि जी काही धार उरली असेल तीही बोथट होते. आराखडा बहुधा विकतचा असतो. तोच वेल सोफ्याच्या पाठीवर आणि लग्नाच्या हॉलच्या दरवाजावरही आढळेल. हे सारे सागावर झाले तर निदान लाकूड तरी खरे! पुष्कळदा ते लाकडाचा भुसा राळेत दाबून केलेल्या फळीवर होते, आणि अशी फळी आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत कडांशी फुगू लागते. सागाच्या गाभ्यात उपजत तेल असते, त्यामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. आपण टाकून दिलेली चौकट आपल्या पणजोबांनी पाहिलेली असते. नवी चौकट आपले नातू पाहतील की नाही, याचा भरवसा नाही.

येथे एक प्रामाणिक आक्षेप संभवतो, तो मी स्वतःच घेतो. सर्व बाजूंनी वळणारी अधिक महागडी यंत्रे आज आहेत, ती पानामागेही पोहोचतात. उद्या ती स्वस्त होतील, आणि सावली व कोपरा यांविषयीची माझी तक्रार निकालात निघेल. हे मी मान्य करतो. म्हणूनच माझा मुख्य मुद्दा कोपऱ्याच्या गोलाईवर उभा नाही.

तो असा. वेदीवर नक्षी कशासाठी असते? वेदीला तिची गरज नाही. नक्षीवाचून मिस्साबली अपुरा राहत नाही. नक्षी हे अर्पण आहे: कुणीतरी आपले दिवस, आपली नजर, आपल्या मनगटातील बळ तेथे वेचले, याची ती साक्ष आहे. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात परमेश्वर बसालेलाला नावाने बोलावतो आणि त्याला आपल्या आत्म्याने भरतो. तो आत्मा कशासाठी दिला जातो? सोन्यारुप्याच्या, रत्नांच्या कामासाठी आणि लाकडाच्या कोरीव कामासाठी! कारागिराच्या बोटांतील कसबाला इतका मान देणारा ग्रंथ ज्यांच्या हाती आहे, त्यांनी कोरीव काम ही केवळ एक आकृती आहे, ती कशीही उमटली तरी चालेल, असे मानावे हे नवल आहे. यंत्राची नक्षी कुणीच न केलेल्या श्रमांचे सोंग आणते. कुणाच्याही हाताने न वाहिलेले फूल ती वाहिल्याचा आव आणते. म्हणून मी तिला उसनी नक्षी म्हणतो. बैठकीच्या खोलीत उसन्या वैभवाची हौस कुणी भागवली तर तो त्याचा प्रश्न. देवाच्या घरात ती असत्य होते.

यावर पहिले उत्तर मिळते ते खर्चाचे, आणि त्याच्या पाठोपाठ गरिबांचे. "इतका पैसा लाकडावर घालण्यापेक्षा गरिबांना द्यावा," असे म्हटले जाते. हे उत्तर मी हलके मानीत नाही. परंतु ज्या सभेत कोरीव कामाला हे उत्तर मिळते, त्याच सभेत ग्रॅनाइटची फरशी, झुंबर आणि ध्वनिक्षेपक यांचे ठराव विनातक्रार संमत होताना मी पाहिले आहेत. गरिबांची आठवण केवळ सुताराची मजुरी चुकवण्याच्या वेळीच का व्हावी? शिवाय हिशेब पाहा. हाताने कोरलेल्या चौकटीत लाकडाचा खर्च थोडा आणि मजुरीचा फार असतो. म्हणजे तो पैसा एका श्रमजीवी कुटुंबाच्या चुलीपर्यंत पोहोचतो. यंत्राच्या चौकटीत तो फळी, राळ, वीज आणि यंत्राचे हप्ते यांत जिरतो. मग गरिबाच्या घरी कोणता पैसा गेला?

आणि खरोखरच पैसा नसेल तर? तर नक्षी करू नका. चांगल्या सागाची साधी, रंधा मारलेली, नीट जोडलेली चौकट उभी करा. तिच्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. नाझरेथच्या सुताराने आयुष्यभर कदाचित अशाच साध्या वस्तू केल्या असतील. बाके, कपाटे, शाळेची मेजे यंत्रावर करा. त्याला कोण नको म्हणतो? साधी फळी खोटे बोलत नाही. खोटे बोलते ती परवडत नसलेली आणि तरीही मिरवलेली नक्षी.

दुसरे उत्तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या नावाने दिले जाते. "परिषदेने साधेपणा सांगितला, जुना डामडौल काढून टाकावयास सांगितले." हे उत्तर देणाऱ्यांनी परिषदेचे उपासनेविषयीचे संविधान, जे ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित झाले, त्याचा सातवा अध्याय एकदा स्वतः वाचावा. त्यात निव्वळ भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्य इष्ट मानले आहे, हे खरे. सोनेरी रंगाचा झगमगाट या दोहोंपैकी कशात मोडतो, ते वाचकांनीच ठरवावे. त्याच अध्यायात, मंदिरातील पवित्र साहित्य आणि मौल्यवान कलाकृती विकल्या जाणार नाहीत वा नष्ट होणार नाहीत याची बिशपांनी कसोशीने काळजी घ्यावी, असेही बजावले आहे. इतके असूनही अनर्थ घडलेच. म्हणून ११ एप्रिल १९७१ रोजी रोमहून जगभरच्या बिशप परिषदांना एक परिपत्रक धाडावे लागले. उपासनेच्या सुधारणेची सबब सांगून अनेकांनी अनावश्यक बदल केले आणि अनमोल कलाकृती विद्रूप झाल्या वा गमावल्या, अशी त्यात स्पष्ट खंत आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ११८९ वे कलम तर असे की, प्राचीनता, कला वा भक्ती यांमुळे मौल्यवान ठरलेल्या प्रतिमांना दुरुस्ती हवी असेल, तरी धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून ती करू नये, आणि त्यांनीही ती देण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा. दुरुस्तीला जेथे लेखी परवानगी लागते, तेथे जळणाला कुणाची लागते?

तिसरे उत्तर अधिक धारदार आहे, आणि ते बहुधा आपले सुशिक्षित तरुण देतात. "हे सारे पोर्तुगीजांचे. परक्या सत्तेचे ओझे आपण का वाहावे?" या तरुणांना मी एकदा गोव्यातील जुन्या चर्चांमधील व्यासपीठांखाली उभे राहून वर पाहावयास सांगेन. त्या लाकडी व्यासपीठांचा भार कित्येक ठिकाणी नागकन्यांच्या आकृतींनी तोलून धरला आहे: वर स्त्री, खाली सर्पाची वळणे. त्या लिस्बनहून आलेल्या नाहीत. त्या येथल्याच मेस्तांच्या पटाशीतून उतरल्या. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने, ख्रिस्ती उपासनेच्या वस्तू ख्रिस्तीतर कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली होती. अशा मनाया पुनःपुन्हा कराव्या लागल्या. ज्या गोष्टीला पुनःपुन्हा बंदी घालावी लागते ती गोष्ट चालूच असते, हे सांगावयास इतिहासकार नको. सत्तेने नको म्हटले तरी काम त्याच हातांकडे जात राहिले, कारण कसब त्याच हातांत होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचले आणि १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले, याचा आपण मराठी ख्रिस्ती म्हणून अभिमान बाळगतो. जी गोष्ट स्टीफन्स यांनी शब्दांत केली, ती अनाम मेस्तांनी सागात केली: नवा आशय घेतला आणि त्याला आपल्या मातीचे वळण दिले. ओवीचा गौरव करणाऱ्यांनी वेल जाळावी, ही विसंगती नव्हे काय?

वसईकरांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १५३४ ते १७३९ या दोन शतकांत वसईच्या किल्ल्यात एवढी चर्चे आणि मठ उभे राहिले. त्यांच्या दगडी भिंती आपण आजही पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. त्यांतल्या वेद्या, व्यासपीठे, छते मात्र तेथे नाहीत. दगड राहतो, लाकूड जाते. म्हणून जे थोडे जुने लाकूड आपल्या वाट्याला आले आहे, ते दगडापेक्षा अधिक दुर्मीळ आहे. ते सत्तांतरातून वाचले, वाळवीतून वाचले, पावसातून वाचले; ते आपल्या जीर्णोद्धारातून वाचू नये?

चौथे उत्तर असे की, "आता कोरणारे कारागीर उरले कुठे?" हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याचे अपराधी आपण आहोत. काम न मिळालेला कारागीर आपल्या मुलाला पटाशी का देईल? पॅरिस येथील नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली आणि शतकानुशतकांचे ओकचे छप्पर जळून गेले. तेव्हाही, आता हे कोण करू शकणार, पोलाद वा काँक्रीट वापरा, असे सल्ले देणारे होतेच. अखेर ओकच निवडला गेला, आणि मुख्य मंडप व वेदीमंडप यांच्या छताचे वासे सुतारांनी कुऱ्हाडीने, हाताने तासले. कुऱ्हाड लाकडाच्या रेषेमागे जाते, करवत रेषा कापून जाते. म्हणून हाताने तासलेला वासा आपल्या तंतूंचे बळ राखतो. डिसेंबर २०२४ मध्ये ते कॅथेड्रल पुन्हा उघडले. त्या कामाला असे हात मिळाले, कारण जुन्या पद्धतीने लाकूड तासण्याचे कसब त्या देशात काही सुतारांनी आग लागण्यापूर्वीच जिवंत ठेवले होते. आग लागल्यावर कसब शिकता येत नाही. तेथल्यासारखा पैसा आपल्याकडे नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु आपल्याला कॅथेड्रलचे छप्पर उभारावयाचे नाही, वेदीच्या चौकटीला दोन नवे तुकडे बसवावयाचे आहेत.

केवळ दोष दाखवून थांबणे बरे नव्हे. म्हणून धर्मग्रामांपुढे काही साध्या गोष्टी ठेवतो. प्रत्येक चर्चमधील जुन्या कोरीव कामाची छायाचित्रांसह यादी करा. मौल्यवान आणि सांस्कृतिक ठेव्याची नोंद ठेवण्याचे बंधन धर्मविधिसंहितेनेच घातले आहे. कुजलेला भाग तेवढाच कापून तेथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा बसवता येतो, त्यासाठी सबंध चौकट उतरवावी लागत नाही. सणाच्या उत्साहात जुन्या नक्षीवर ऑइल पेंट आणि सोनेरी रंग फासू नका. बाजारातील सोनेरी रंगात बहुधा पितळेची भुकटी असते, ती काही वर्षांत काळवंडते, आणि खाली असलेला सोन्याचा खरा वर्ख, जो शतके टिकला, तो तिच्याखाली गुदमरतो. काम देताना चौरस फुटांचा दर विचारू नका, दिवसांची मजुरी ठरवा. फुटाच्या दराने घाई विकत मिळते. कोरणाऱ्याचे नाव चर्चच्या नोंदवहीत लिहा. देणगीदारांची नावे आपण संगमरवरावर कोरतो, मग ज्याने कोरले त्याला एक ओळ मिळू नये? आणि दरवर्षी १ मे रोजी श्रमिक संत जोसेफ यांचा सण साजरा करताना प्रवचनाच्या जोडीला एखाद्या तरुणाच्या वर्षभराच्या शिकाऊ वेतनाची तरतूद करा. सुताराच्या सणाला सुतारच नसावा, ही आपली आजची स्थिती आहे.

त्या ढिगाकडे पुन्हा वळतो. मी तेथील धर्मगुरूंना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि उरलेल्या फळ्या त्याच दिवशी पडवीत हलवल्या. कुऱ्हाड लागलेली फळी वाचली नाही. काही दिवसांनी आमच्या गावचे एक वृद्ध मेस्त्री मी तेथे घेऊन गेलो. त्यांची मुले आज तयार फळ्यांची कपाटे जोडतात. त्यांची स्वतःची हत्यारे कित्येक वर्षे गोणपाटात गुंडाळून ठेवलेली आहेत. मेस्त्री उकिडवे बसले, पक्षी कोरलेली फळी त्यांनी उजेडाकडे तिरकी धरली आणि अंगठ्याने वेल चाचपत गेले. एका पानाशी त्यांचा अंगठा थांबला. इतर सारी पाने पसरलेली होती, हे एकच दुमडलेले होते.

"इथे त्याच्याकडून कपचा उडाला," ते म्हणाले. "मग त्याने पान दुमडून घेतले."

कोण होता तो, कोणत्या धर्माचा, कोणत्या गावचा, हे आज कुणालाही सांगता येणार नाही. पण त्याच्या हातून एक चूक झाली होती, आणि ती निस्तरताना त्याने काय विचार केला, हे एवढ्या वर्षांनंतर दुसऱ्या सुताराच्या अंगठ्याला कळले. आतल्या झगमगत्या चौकटीत असे एकही पान नाही. "जशी होती तशीच" असे म्हणणाऱ्यांनी ते एक पान शोधून दाखवावे.

परत येताना मी मेस्त्रींना विचारले, "कुणी शिकायला आले तर शिकवाल का?" ते म्हणाले, "माझी नजर दोन-चार वर्षे चालेल. पाठवायचा असेल तर आत्ताच पाठवा."